जिन्याला गालिचा की लाकूड?

प्रश्न : आम्ही झाशीचे. घर लक्ष्मी तालाजवळ, गंगाधररावांच्या छत्रीकडे जाणाऱ्या वाटेवर. पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहोत, त्यामुळे मराठीत हिंदी मिसळली तर सांभाळून घ्या. जुनं घर पाडून यजमानांनी दुमजली घर बांधलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जिना घराच्या आतून, सिमेंटचा. खाली आठ पायऱ्या, मग वळणावरचा चौक, वर पुन्हा आठ. रुंदी साडेतीन फूट, पायरीची उंची पावणेसात इंच, खोली दहा इंच. वर पांढरा संगमरवर आहे, तो आता आरशासारखा गुळगुळीत झालाय. मागच्या थंडीत सासूबाई मोजे घालून उतरताना घसरल्या. कठडा हाताला लागला म्हणून वाचल्या. आता जिना बदलायचाच असं ठरलंय. धाकटे दीर अमेरिकेत एडिसनला असतात. ते म्हणतात, कार्पेट लावा, आमच्याकडे घरोघरी तेच. यजमान म्हणतात लाकूड. मिस्त्री म्हणतो, भाभीजी, दोन्हींच्या भानगडीत पडू नका, टाइल ठोकून देतो. आणि सासूबाईंचं म्हणणं, जिना आहे तसा राहू दे, मीच मोजे काढते. कुणाचं ऐकू?
— एक गृहिणी, झाशी

उत्तर : ताई, यजमानांचं ऐका. मात्र मिस्त्रीला काम सुरू करायला सांगण्याआधी पुढचं सगळं वाचा, कारण चुकीचं बसवलेलं लाकूड तुमच्या आताच्या संगमरवरापेक्षा वाईट. सासूबाईंचं म्हणणंही हसण्यावारी नेऊ नका. मोजे आणि चकचकीत पायरी ही जोडी कुठल्याही घरात घात करते, लाकडावर तर जास्तच. पण झाशीतल्या जानेवारीत, पहाटे पारा पाच-सहा अंशांवर आलेला असताना, म्हाताऱ्या माणसाला दगडावर अनवाणी उतर म्हणणं बरं नव्हे. त्यांच्या पायाला गार लागणार नाही आणि पाय घसरणारही नाही असा जिना करायचा, हा खरा प्रश्न. गालिचा की लाकूड हे त्याच्या नंतरचं.

दिरांपासून सुरुवात करू, कारण परदेशातला सल्ला घरात वजनदार असतो. ते खोटं सांगत नाहीत. तिकडची घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. जिना आतून पोकळ, पायरीखाली पाइनचं किंवा दाबलेल्या भुश्याचं स्वस्त लाकूड, जे उघडं ठेवण्यासारखं नसतंच. वर गालिचा ताणून बसवला की ते झाकलं जातं, पावलांचा धडधडाट वरच्या खोलीत जात नाही, थंडीत पायाला ऊब मिळते आणि पोर गडगडलं तरी टेंगळावर निभावतं. लंडनमध्ये जुन्या घरांचे मजले वेगळे करून केलेल्या फ्लॅटांत तर खालच्या बिऱ्हाडाला आवाज जाऊ नये म्हणून गालिचा घालायची अट करारातच असते. शिवाय तिकडे खिडक्या बहुतेक बंद, हवा यंत्रातून गाळून येते आणि साफसफाईला व्हॅक्यूम. म्हणजे गालिच्याचे जे गुण ते सांगतायत ते खरे आहेत, पण ते त्यांच्या जिन्याच्या दुखण्यावरचं औषध आहे. तुमचा जिना भरीव सिमेंटचा, तो धडधडत नाही, कुरकुरत नाही, आणि झाकावं असं त्याच्या पोटात काही नाही.

आता तुमचं गाव घ्या. एप्रिलअखेरीपासून लू सुरू होते. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. भोवती खडकाळ माळ, खडी फोडणारे क्रशर. संध्याकाळी खिडकी उघडली की खिडकीच्या पट्टीवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. ही धूळ लादीवर बसली तर सकाळचा झाडू आणि ओला पोछा तिला घेऊन जातो. गालिच्यात ती तंतूंच्या बुडाशी जाऊन बसते. झाडूनं ती निघत नाही, फक्त उडते आणि पुन्हा बसते. ही धूळ म्हणजे दगडाचा बारीक कण. पावलागणिक तो तंतूला कानशीसारखा घासतो. म्हणून जिन्याचा गालिचा सगळीकडून सारखा झिजत नाही, आधी पायरीच्या कडेवर टक्कल पडतं, आणि नेमकी तीच जागा पाय धरून ठेवायला हवी असते. मग पावसाळा. हवेतला ओलावा वाढला, त्यात तुम्ही तालाच्या शेजारी, की गालिच्याला कुबट वास येऊ लागतो. धुळीतले सूक्ष्म किडे कोरड्या हवेत तग धरत नाहीत, दमट हवेत माजतात. घरात कुणाला दमा असेल तर एवढं एकच कारण गालिचा नाकारायला पुरेसं आहे.

इथे कुणी म्हणेल, झाशीनं गालिच्याला नाव ठेवावं म्हणजे नवलच. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन १८३५ च्या डिसेंबरात बुंदेलखंडातून गेला. १८४४ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं झाशीची ओळख करून देताना इथल्या गालिच्यांची ख्याती आवर्जून नोंदवली आहे. लक्ष्मीबाई लग्न होऊन झाशीला आल्या त्याच्या काही वर्षं आधीचा हा प्रवास. शेजारच्या ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला तर २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तो गालिचा बसायचा होता. बैठकीत अंथरायचा, जोडे बाहेर काढून त्यावर मांडी घालायची, बैठक उठली की गुंडाळून ठेवायचा, उन्हात टाकून बडवायचा. त्याला खिळे ठोकून वर्षानुवर्षं जिन्यावर जखडून ठेवणं ही थंड मुलखातल्या उंच, अरुंद घरांची तऱ्हा. छावणीतल्या साहेबांनीसुद्धा ती इथे फारशी आणली नाही, त्यांचे बंगले बहुतेक बैठेच होते. तुमच्या घरात एखादा जुना गालिचा असेल तर तो दिवाणखान्यात अंथरा आणि पाहुण्यांना दाखवा.

आणखी दोन गोष्टी, ज्या दिरांच्या लक्षात येणार नाहीत. गौरी घरात येतात तेव्हा उंबऱ्यापासून वरच्या खोलीपर्यंत कुंकवाची पावलं उमटवायची असतील, तर ती गालिच्यावर कशी उमटवणार? तुमच्या घराजवळच महालक्ष्मीचं देऊळ, झाशीच्या नेवाळकर राजघराण्याची कुलस्वामिनी. त्या गल्लीत हा प्रश्न मी विचारायला नको. दुसरी गोष्ट दिवाळीची. पायरीपायरीवर पणत्या ठेवायची हौस असेल तर नायलॉनचा गालिचा तेल पितो आणि ठिणगीनं वितळतो.

सतरंजीची किंवा कॉयरची सुटी पट्टी टाकून बघू, असंही काहींना वाटतं. नको. जिन्यावर सुटं काहीही नको. आणि जिन्याच्या पायथ्याशी पायपुसणं असेल तर हा अंक खाली ठेवून आधी ते उचला.

आता लाकूड. ते का, हे एकदा पायाला विचारा. ग्रॅनाइट उष्णता जितक्या वेगानं ओढतो त्याच्या दहापटीहूनही हळू सागवान ओढतं. दोघांचं तापमान तेच असतं, पण दगड पायातली ऊब काढून घेतो म्हणून तो गार भासतो. सासूबाईंना मोजे घालावेसे वाटतात ते यामुळेच. लाकूड लावलं की निम्मे मोजे आपोआप निघतील. ते ओल्या फडक्यानं पुसता येतं, पाच-सात वर्षांनी घासून पुन्हा नवं करता येतं, एखादी पायरी बिघडली तर तेवढीच बदलता येते.

लाकूड म्हणजे सागवान, आणि तेही गाभ्याचं. बाजारात ‘सागौन’ म्हणून मागा आणि ‘सीपी’ आहे का विचारा. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून गेला तो हाच. बल्लारशाहून नागपूर, इटारसी, भोपाळ करत दिल्लीकडे जाणारा लोहमार्ग तुमच्या झाशी स्टेशनातूनच जातो, तेव्हा हा माल तुमच्याकडे दुर्मिळ नसावा. हिशेबही सांगून ठेवतो, म्हणजे वखारवाला फसवणार नाही. सोळा पायऱ्या, प्रत्येक फळी साडेतीन फूट लांब, कडेच्या इंचभर पुढाव्यासकट अकरा इंच रुंद आणि सव्वा इंच जाड धरली तर सुमारे साडेपाच घनफूट लाकूड होतं. रंधा, काटछाट आणि गाठींची तूट धरून सात घनफूट घ्या. चौकाचं वेगळं. फळीच्या कडेला पिवळट-पांढरा पट्टा दिसला तर तो बाहेरचा कच्चा भाग, त्याला वाळवी मिठाईसारखी लागते. तो कापून मगच माप घ्यायला सांगा. शीशम तुमच्याकडे मुबलक आणि सुंदर आहे, चालेलही, पण तो जड आणि कारागिराला अवघड जातो. त्याचा उपयोग मी पुढे सांगतो.

इथून पुढचं मिस्त्रीला वाचून दाखवा.

लाकूड संगमरवरावर चिकटवायचं नाही. सगळ्यात जास्त जिने इथेच बिघडतात. समजा सव्वा इंचाची फळी आहे त्या लादीवर ठेवली. मधल्या पायऱ्यांची उंची तीच राहते, कारण खालचीही सव्वा इंचानं वर आली आणि वरचीही. पण पहिल्या पायरीखालची जमीन जागेवरच आहे, म्हणून पहिली चढण पावणेसातची आठ इंच झाली. आणि वरच्या मजल्याची जमीनही जागेवरच, म्हणून शेवटची चढण साडेपाच इंच. चौकावर फळी घातली नाही तर तिथेही हाच खेळ, एकदा खाली, एकदा वर. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या जिन्याला एकशे नव्वद मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचांपेक्षा उंच पायरी नको म्हणते, पण उंचीपेक्षाही घातक आहे तो फरक. माणूस जिना डोळ्यांनी उतरत नाही. दोन-तीन पायऱ्यांत पाय माप घेतो आणि मग त्याच मापानं आपोआप पडत जातो. जिथे माप चुकतं तिथे पाय एक तर अधांतरी राहतो नाही तर आधीच आदळतो. त्यात माणसं चढताना कमी आणि उतरताना जास्त पडतात.

म्हणून आधी संगमरवर आणि त्याखालचा मसाला उखडायचा. लादी पाऊण इंच आणि मसाला इंचभर, असे पावणेदोन इंच साधारण सुटतात. मग नवा मसाला घालून पातळी अशी धरायची की सव्वा इंचाची फळी बसल्यावर प्रत्येक पायरी पुन्हा पावणेसात इंचच भरेल. तळापासून माथ्यापर्यंत अठरा चढणी होतात, चौक धरून. प्रत्येकीला टेप लावून बघा. दोन पायऱ्यांत पाच मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर मिस्त्रीला चहा पाजा आणि पुन्हा करायला लावा.

तुमचा जिना मुळात चांगला आहे, हेही सांगून टाकतो. सतराव्या शतकात ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञानं माणसाच्या पावलावरून एक ठोकताळा बांधला. दोन उंच्या आणि एक खोली मिळून जी बेरीज होते ती साठ ते चौसष्ट सेंटीमीटरच्या आसपास यावी. तुमची साठाला जेमतेम टेकते. खोली दहा इंच म्हणजे संहितेच्या किमान अडीचशे मिलिमीटरला पुरेशी, पण ऐसपैस नाही. गालिच्याला माझा विरोध आहे त्याचं आणखी एक कारण इथे आहे. जाड गालिचा आणि त्याखालची गादी कडेवरून वळवली की कड गोलसर, मऊ होते, पायाला ठाम अशी जागा पाऊण इंचानं तरी घटते. दहा इंचांतून पाऊण गेलं तर सव्वानऊ इंच उरतात, आणि पुरुषाचं पाऊल दहा इंचांच्या घरात असतं. लाकडी फळी उलट इंचभर पुढे काढता येते, म्हणजे पाय ठेवायला तेवढी जागा वाढते.

मसाला ओला असताना फळी बसवायची नाही. महिनाभर वाळू द्या. सिमेंटमधलं पाणी फळीच्या खालच्या अंगानं शिरलं की ती कडांनी वर उचलते. फळ्या भट्टीत वाळवलेल्या हव्यात आणि त्या दोन-तीन आठवडे त्याच घरात, मधे काड्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवा. झाशीची हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत आणि ऑगस्टात ओलीचिंब. अकरा इंची सागवानी फळी या दोन टोकांमध्ये रुंदीत दोन-अडीच मिलिमीटर सहज घटते-वाढते. तिला हलायला जागा नसेल तर ती तडकते किंवा फुगून बसते. म्हणून फळीच्या मागच्या कडेला, ती वरच्या पायरीच्या उभ्या अंगाला भिडते तिथे, पाच मिलिमीटरची फट ठेवून वर पट्टी मारा. काम दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत काढा, हवा ना या टोकाला ना त्या टोकाला असते. तुमच्याकडे मे-जूनमध्ये कूलर लागणारच. त्याचं तोंड जिन्याकडे असेल तर वळवा, नाहीतर दिवसभर ओली हवा पिऊन आणि रात्री सुकून फळी वर्षाचे खेळ एका आठवड्यात करील.

पहिली पायरी मात्र लाकडाची नको, तिची फळी वरच्या हिशेबातून वजा करा. मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांच्या काळी, १७४२ च्या सुमारास, दक्षिणेतली घराणी झाशीत येऊन वसू लागली. ज्या मुलखातून ती आली तिथल्या वाड्यांत एक रीत होती. जिना लाकडाचा, पण सुरुवातीची एखादी-दुसरी पायरी दगडाची. जमिनीचा ओलावा आणि वाळवी दोन्ही खालून चढतात, त्यांना लाकडाची गाठ पडू द्यायची नाही. सिमेंटच्या जिन्यातही तळाच्या दोन-तीन पायऱ्यांखाली बहुतेक मातीचा भराव असतो, वाळवीला तीच वाट. तालाच्या शेजारी, ओल धरणाऱ्या जमिनीवर, मी ही रीत मोडणार नाही. तुमच्याच जिल्ह्याच्या नावानं ‘झाशी रेड’ हा लालसर ग्रॅनाइट देशभर विकला जातो. त्याची एक पायरी करा, फक्त पॉलिश न मारता खरखरीत अंगाची. लालसर दगडावर सागवान दिसतंही छान.

कडेबद्दल. उतरताना पावलाचा चवडा पायरीच्या कडेवर पडतो, तेव्हा घसरणं-न घसरणं त्या दोन इंचांत ठरतं. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेपासून बोटभर आत, आडव्या दोन खाचा पाडून घ्या. आणि तिथेच दीड इंच रुंदीची शीशमची गडद पट्टी फळीत बसवा, समपातळीत. फिकट सागवानावर ती काळी रेघ उठून दिसते. सासूबाईंच्या वयाला, मोतीबिंदू असो वा नसो, एकरंगी जिन्यात कुठली पायरी कुठे संपते ते संध्याकाळी कळत नाही. नक्षीदार गालिच्यात तर वेलबुट्टी कडेवरून सरळ वाहत जाते आणि पायरी दिसेनाशीच होते.

चमक नको. दुकानदार काचेसारखं पॉलिश दाखवील, त्याला म्हणावं मॅट. किंवा जुन्या पद्धतीनं जवसाचं पक्कं तेल द्या. तुमच्याकडे अलसी घरची, तेल चांगलं मिळतं. पातळ हात, थोड्या वेळानं उरलेलं पुसायचं, मग एक दिवस मुरू द्यायचं, असं तीन-चार वेळा. फक्त एक जपा. या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना गरम होतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, झाशीच्या उन्हाळ्यात तो बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

एवढं करून कठडा आणि दिवा राहिला तर काय उपयोग? सासूबाई कठड्यानं वाचल्या हे तुम्हीच लिहिलंय. मुठीत मावेल असा गोल, दीड इंच जाडीचा, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर गेलेला असू द्या, म्हणजे शेवटचं पाऊल टेकेपर्यंत हात सुटत नाही. दिव्याचं बटण वर आणि खाली दोन्हीकडे. वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर एक छोटा दिवा चौकात.

आणि मिस्त्रीची टाइल? पैसे कमी पडत असतील तर हा मार्ग वाईट नाही, टाइलऐवजी खरखरीत दगड असेल तर चांगलाच आहे. आहे तो संगमरवर न उखडता कडेला खाचा पाडून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, तो उद्याच करता येईल. लाकूड येईपर्यंत तरी करून घ्या. लॅमिनेटच्या फळ्या मात्र कुणी ‘लाकडासारख्याच’ म्हणून गळ्यात मारल्या तर घेऊ नका, रोजच्या पोछ्यानं दोन पावसाळ्यांत त्यांच्या कडा फुगतात.

प्रश्न : आमचा पंचवटीतला वाडा जुना. लाकडी जिना पावलागणिक कुरकुरतो आणि फार उभा आहे. मुलगा म्हणतो वर कार्पेट घालू, आवाज जाईल. घालावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आवाज दबेल, पण त्यासोबत जिन्याची खबरही दबेल. जुन्या लाकडावर मी काहीच झाकत नाही. आधी एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक फळीच्या भिंतीत शिरलेल्या टोकाला टोचून बघा. ठणकन वाजलं तर लाकूड जिवंत. टोक आत रुतलं, किंवा खाली पिठासारखा भुसा सांडलेला दिसला, तर आत किडा किंवा वाळवी आहे आणि सुताराला बोलावल्याशिवाय त्या पायरीवर वजन टाकू नका.

लाकूड ठणठणीत असेल तर कुरकुर हा रोग नाही. शंभर उन्हाळ्यांत फळी सुकली, खाचेत सैल झाली, पाय पडला की दुसऱ्या लाकडाला घासते. जिन्याखाली जाऊन, कुणाला तरी वरून चालायला लावा आणि कुठली फळी हलते ते हातानं धरून बघा. तिथे खालून सागाची पातळ पाचर सरस लावून हलकेच ठोका. जोरात ठोकली तर खाच फाटते. पाचर बसत नसेल तर सांध्यात फ्रेंच चॉक किंवा साधी अंगाला लावायची पावडर भरा, काही महिने शांतता मिळते. खिळे मारू नका, ते पुन्हा सैल होतात, स्क्रू घाला.

उभेपणाला इलाज नाही. त्या जिन्याला गालिच्यानं गोल केलेली कड मिळाली तर मुलाला नको तो अनुभव येईल. जुन्या माणसांसारखं जिन्याकडे तोंड करून उतरा, आणि वाड्यात माथ्यावरून लोंबणारा दोर काढून टाकला असेल तर तो पुन्हा बांधा. त्याच्या गाठी हाताला धरायला असतात.

प्रश्न : पायऱ्या विषम संख्येच्या असाव्यात असं वास्तूवाले सांगतात. आमच्या सोळा आहेत. सतरावी वाढवावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नको. सोळा बसवून झालेल्या जिन्यात सतरावी घुसवायची म्हणजे एक तर एखादी बुटकी होणार नाही तर खोली कमी होणार, आणि मग त्या पायरीवर कोण पडेल ते वास्तूवाला सांगणार नाही. समाधानच हवं असेल तर चौक किंवा वरचा मजला धरून मोजा. उजवं पाऊल पहिल्या पायरीवर टाकून वरही उजवंच पडावं, एवढाच त्यामागचा आग्रह असतो. मोजणी तुमच्या हातात आहे, पायरीची उंची नाही.